पाऊण टक्क्याचा हक्क



पगाराची चिठ्ठी हातात आली म्हणजे आपली नजर आधी शेवटच्या आकड्यावर जाते. हातात किती पडले? मधल्या ओळी मागाहून वाचल्या जातात, आणि त्याही बहुधा रागानेच. भविष्यनिर्वाह निधी कापला, व्यवसाय कर कापला, आणि हे आणखी नव्वद रुपये कसले? जळगावच्या औद्योगिक वसाहतीत डाळमिल आहेत, चटईचे कारखाने आहेत, पाइपांचे कारखाने आहेत. भुसावळकडची मंडळी रेल्वेने अप-डाऊन करून तिथे कामाला जातात. त्यांच्यापैकी एखाद्याला विचारावे, "भाऊ, हे नव्वद रुपये कशाचे?" तर तो म्हणेल, "दवाखान्याचे म्हणतात. आपण काही गेलो नाही कधी."

हे पैसे कोठे जातात, त्यांत मालक किती घालतो, आणि त्यांच्या बदल्यात आपल्या पदरात काय पडते, एवढेच आज आपणांस सांगावयाचे आहे. विषय आकड्यांचा आहे. परंतु हे आकडे अगदी घरगुती आहेत.

या योजनेचे नाव कर्मचारी राज्य विमा योजना. लोक तिला सुटसुटीतपणे कामगार विमा म्हणतात. ज्याची महिन्याची मजुरी ठरावीक मर्यादेच्या आत आहे, त्या कामगाराला ही योजना लागू होते. १ जानेवारी २०१७ पासून ही मर्यादा २१,००० रुपये ठेवण्यात आली. अपंग कामगारांसाठी ती २५,००० आहे. आता वर्गणीचा हिशेब पाहा. १ जुलै २०१९ पासून कामगाराने मजुरीवर पाऊण टक्का द्यावयाचा आणि मालकाने सव्वातीन टक्के द्यावयाचे, असा दर ठरला. दोन्ही मिळून चार टक्के झाले.

जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी पाठ करून घेत असत. आज ती कोणाला येत नाही. पण येथे तीच कामाला येते. बारा हजार म्हणजे एकशेवीस शेकडे. शेकड्याला पाऊण रुपया, म्हणजे नव्वद रुपये झाले. हा कामगाराचा वाटा. शेकड्याला सव्वातीन रुपये धरले की तीनशेनव्वद होतात. हा मालकाचा वाटा. एकूण चारशेऐंशी रुपये त्या एका माणसाच्या नावाने महिन्याला जमा होतात. हेच प्रमाण आण्यांत मांडले तर फार सोपे दिसते. जमा होणाऱ्या रुपयात कामगाराचे तीन आणे आणि मालकाचे तेरा आणे.

याआधी, १९९७ पासून, कामगाराला पावणेदोन टक्के आणि मालकाला पावणेपाच टक्के भरावे लागत. म्हणजे बारा हजारांवर कामगाराचे दोनशेदहा जात. ते आता नव्वदांवर आले आहेत. ज्याची रोजची सरासरी मजुरी १७६ रुपयांपर्यंतच आहे, त्याला आपला वाटा माफ आहे. मालकाला मात्र त्याच्यासाठीही आपला वाटा भरावाच लागतो.

आता कोणी विचारील, कामगार आजारी पडला तर त्यात मालकाचा काय संबंध? त्याने का भरावे? हा प्रश्न जगात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ विचारला गेला आहे. जर्मनीत १८८३ साली आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. तेव्हा वर्गणीचे दोन हिस्से कामगाराने आणि एक हिस्सा मालकाने द्यावयाचा असे ठरले. इंग्लंडात १९११ साली कायदा झाला. तेथे पुरुष कामगाराने आठवड्याला चार पेनी, मालकाने तीन पेनी आणि सरकारने दोन पेनी घालावयाचे होते. चार पेनीत नऊ पेनीचा माल, अशी तेव्हाचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी त्याची जाहिरात केली होती. आपल्याकडे तीन आण्यांत सोळा आणे मिळतात, हे ध्यानात घ्या.

आपल्या देशात या कामाला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हात घातला गेला. मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम सोपविण्यात आले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. आडारकरांनी आपला अहवाल १५ ऑगस्ट १९४४ रोजी सादर केला. त्यावर पुढे विचार होऊन १९४८ साली कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली. कानपूरला पंडित नेहरूंनी उद्घाटन केले आणि पहिले मानद विमाधारक म्हणून आपले नाव नोंदविले. आरंभी सुमारे एक लाख वीस हजार कामगार तिच्यात आले. १९५४ साली ती नागपूरला आणि त्याच वर्षी मुंबईला पोहोचली.

१९४८ नंतर चार वर्षे का लागली? एक कारण वर्गणीचेच होते. ज्या शहरांत योजना आधी लागू व्हावयाची, तेथील कारखानदार म्हणू लागले, "आम्ही वर्गणी भरावयाची आणि शेजारच्या गावचा कारखानदार मोकळा! मग आमचा माल महाग पडणार." यात तथ्य होते. म्हणून १९५१ साली कायद्यात दुरुस्ती झाली. जेथे योजना सुरू झाली तेथील मालकांनी एकूण मजुरीवर सव्वा टक्का आणि जेथे अजून व्हावयाची होती तेथील मालकांनीही पाऊण टक्का भरावा, असे ठरले. भार सगळ्यांनी मिळून उचलला की कोणा एकाचे कंबरडे मोडत नाही. विम्याचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे.

मालकालाही यातून काही मिळते. विमा असलेल्या कामगाराला कामावर इजा झाली, तर भरपाईचा बोजा त्या एकट्या मालकावर पडत नाही. तो महामंडळ उचलते. बाळंतपणाच्या रजेचा पगारही महामंडळ देते. लहान कारखानदाराला एका अपघाताचा खर्च बुडवू शकतो. सव्वातीन टक्क्यांत त्याचीही झोप विकत मिळते. कोणी हुशार गृहस्थ म्हणतील, "मालक हे पैसे शेवटी आपल्याच मजुरीत धरत असेल." धरत असेलही. पण मग तर ते तेरा आणेही आपल्याच घामाचे झाले, आणि ते जमा होतात की नाही हे पाहण्याचे कारण आणखी वाढले.

आता या चार टक्क्यांत मिळते काय ते पाहू.

पहिली गोष्ट औषधपाण्याची. विमा लागू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला वैद्यकीय उपचार मिळू लागतात. कुटुंबात पत्नी किंवा पती, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील येतात.

दुसरी गोष्ट मजुरीची. रोजंदारीच्या माणसाला दुखणे दोन बाजूंनी मारते. औषधाला पैसे जातात आणि त्याच दिवशी येणारे पैसे थांबतात. विमा असेल तर डॉक्टरच्या दाखल्यावर सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, मिळते. समजा, एखाद्याची सरासरी मजुरी रोजची ४०० रुपये आहे. त्याला टायफॉइड झाला आणि डॉक्टरने वीस दिवसांची विश्रांती सांगितली. दुखण्याचे पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत. उरले अठरा. रोजचे २८० प्रमाणे त्याला ५,०४० रुपये मिळतील. वर्षभरात त्याच्या पगारातून कापलेली रक्कम १,०८० रुपये होते. ज्या घरी वीस दिवस चूल उसनवारीवर चालली असती, तेथे ती स्वतःच्या पैशावर चालते. क्षयासारख्या दीर्घ आजारांची एक यादी आहे. त्यांत ठरलेल्या अटींवर ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंतही रक्कम मिळू शकते.

तिसरी गोष्ट बाळंतपणाची. विमाधारक स्त्रीला २६ आठवडे पूर्ण सरासरी मजुरी मिळते. आमच्या भगिनींनी हे आवर्जून लक्षात ठेवावे.

चौथी गोष्ट कामावरच्या इजेची. इजेमुळे कामावर जाता येत नसेल तोपर्यंत मजुरीच्या ९० टक्के रक्कम मिळते, आणि तिला अमुक इतके दिवस वर्गणी भरलेली असण्याची अट नाही. कामाच्या पहिल्याच आठवड्यात बोट यंत्रात गेले तरी हक्क लागू होतो. कामावर जाता-येताना झालेला अपघातही, त्याचा कामाशी संबंध दाखविता आला तर, २०१० च्या दुरुस्तीपासून कामावरचाच अपघात धरला जातो. भुसावळच्या अप-डाऊन करणाऱ्या मंडळींना याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. कामावरच्या इजेने मृत्यू आला तर घरच्या आश्रितांना मजुरीच्या ९० टक्के रक्कम वाटून निवृत्तिवेतन म्हणून मिळत राहते.

एवढे असूनही अनेकांना काहीच का मिळत नाही? कारण हा हक्क नोंदीवर उभा आहे. आजारपणाची रक्कम मिळावी म्हणून सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी जमा असावी लागते. बाळंतपणासाठी आधीच्या दोन सहामाहीत मिळून ७० दिवस. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये उपयोगी पडते. ऑक्टोबर ते मार्चची वर्गणी जुलै ते डिसेंबरमध्ये. पेरणी आणि कापणी यांच्यामध्ये जसे दिवस जातात, तसेच हे आहे. ज्याने पेरलेच नाही, किंवा ज्याच्या नावाने कोणी पेरले नाही, त्याने जानेवारीत कणगीत काय पाहावयाचे?

म्हणून तीन गोष्टी तपासाव्यात. आपला विमा क्रमांक आपल्याला ठाऊक आहे काय? ओळखपत्रावर घरच्यांची नावे बरोबर आहेत काय? आणि दर महिन्याची वर्गणी, किती दिवसांची, जमा झाली काय? मालकाने ती पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावयाची असते, आणि भरल्याची नोंद आता संगणकावर पाहता येते. घरातल्या शाळकरी मुलाला सांगितले तर तो मोबाइलवर काढून दाखवील.

आणखी दोन गोष्टी कायद्याच्या आहेत. मालकाला आपले सव्वातीन टक्के कामगाराच्या मजुरीतून कापता येत नाहीत. आणि कामगाराकडून पाऊण टक्का कापून घेऊन तो जमा न करणे ही नुसती थकबाकी होत नाही. तो विश्वासघाताचा गुन्हा होतो. मालकाने वर्गणी थकविली असली तरी महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. तेव्हा "मालकाने भरलेच नाही, आता काय करणार?" असे म्हणून गप्प बसू नये.

दवाखान्यात रांग असते, औषध संपलेले असते, मोठ्या तपासणीसाठी लांब जावे लागते, अशा तक्रारी लोक करतात. त्या कराव्यातच. पण त्या कशा कराव्यात हे पाहा. ज्याने वर्गणी भरली आहे त्याने मेहेरबानी मागावयाची नसते. आपण आणि आपल्या मालकाने मिळून हे पैसे आधीच दिलेले आहेत. विकत घेतलेल्या मालाचे माप पाहण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला असतोच.

आता थोडे आपल्या भुसावळविषयी. भुसावळ हे रेल्वेचे गाव. रेल्वेत कायम नोकरी असणाऱ्याला रेल्वेचे स्वतःचे रुग्णालय आहे. त्याला कामगार विम्याची गरज पडत नाही, कारण तितक्याच सोयी त्याला त्याच्या खात्याकडून मिळतात. पण त्याच फलाटावर झाडलोट करणारा, डबे धुणारा माणूस ठेकेदाराचा असेल तर त्याचे काय? एकाच गाडीची सेवा दोघे करतात, एकाच धुरळ्यात दोघे श्वास घेतात. रात्री ताप आला म्हणजे एकाला रुग्णालयाचे दार ठाऊक असते, दुसऱ्याला सावकाराचे. या दुसऱ्याला कामगार विमा हाच आधार आहे. ठेकेदाराकडे दहा किंवा अधिक माणसे असतील तर त्यांना विमा लागू होतो. ठेकेदाराने टाळाटाळ केली तर मूळ काम देणाऱ्यावरही वर्गणीची जबाबदारी येते. ठेका बदलतो, ठेकेदार बदलतो. विमा क्रमांक मात्र तोच राहावयास हवा. नव्या ठेकेदाराने नवा क्रमांक काढला तर जुन्या नोंदी मागे पडतात. म्हणून नव्या कामावर जाताना पहिल्याच दिवशी आपला जुना क्रमांक सांगावा.

खानदेशात आणखी एक मोठा वर्ग आहे, आणि तो या कुंपणाच्या बाहेर उभा आहे. आपला मुलूख कापसाचा. दिवाळीनंतर जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने धडधडू लागतात. रुईच्या तुसात शेकडो माणसे, त्यांत पुष्कळ बाया, काम करतात. परंतु कापसातून सरकी काढणे, गाठी बांधणे, भुईमूग फोडणे, साखर किंवा गूळ करणे अशी कामेच फक्त जेथे चालतात, ते कारखाने कायद्यात हंगामी कारखाने म्हणून धरले आहेत, आणि हंगामी कारखान्याला हा विमा लागू नाही. १९४८ च्या कायद्यात ही सूट होती, आणि त्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, तिच्यातही ती कायम आहे. त्याच आवारात वर्षभर दुसराही उद्योग चालत असेल, तर मात्र स्थिती बदलू शकते. ते विचारून घ्यावे. जिनमध्ये हात सापडला तर भरपाई मिळते, पण ती मालकाने एकट्याने द्यावयाची असते. तापाने पंधरा दिवस पडून राहिले तर त्या दिवसांची मजुरी देणारे कोणी नाही. फुप्फुसात गेलेले तूस हंगाम संपला म्हणून बाहेर येत नाही, हे कायदा करणाऱ्यांपुढे कोणी तरी मांडावयास हवे. रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणारे मजूर आणि आपले सारे शेतमजूर यांचीही तीच गत आहे.

या मंडळींना आज आधार आहे तो दुसऱ्या योजनेचा. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना राज्यातल्या ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला धुळे जिल्हा होता. पुढच्या वर्षी ती सर्व राज्यात गेली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात. आता केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठरावीक उपचारांचे संरक्षण मिळते, आणि त्यासाठी वर्गणी द्यावी लागत नाही. ही मोठी सोय आहे. पण तिची हद्द ओळखली पाहिजे. ती रुग्णालयातल्या उपचाराचे बिल भागविते. घरी पडून राहिलेल्या दिवसांची मजुरी देत नाही. विम्याच्या चार टक्क्यांतून ती मजुरी मिळते. दोहोंत हा फरक आहे.

नव्या संहितेने काही दारे उघडली आहेत तीही सांगतो. पूर्वी सरकार ज्या भागाचे नाव जाहीर करी तेथेच योजना लागू होई. आता ती देशभर आहे. धोक्याच्या कामात एकच माणूस असला तरी ती लागू करता येते. दहांपेक्षा कमी माणसे असलेले दुकान किंवा कारखाना असेल, तर मालक आणि बहुसंख्य कामगार यांनी मिळून ठरविले की त्यांनाही तिच्यात येता येते. भुसावळ-जळगावच्या लहान दुकानदारांनी आणि कारखानदारांनी याचा विचार जरूर करावा. आपल्याकडे सहा माणसे असतील आणि प्रत्येकाला बारा हजार असतील, तर आपला खर्च महिन्याला २,३४० रुपये होतो. त्यांतला एक माणूस यंत्रात सापडला तर काय खर्च येईल, ते आपल्यापेक्षा चांगले कोण जाणतो?

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. सातवी-आठवीच्या वर्गात शतमान शिकविताना आपण सरळव्याजाची उदाहरणे घालतो. त्यांच्या जोडीला एक पगाराची चिठ्ठी फळ्यावर मांडावी. मजुरी चौदा हजार आहे. कामगाराचा पाऊण टक्का किती, मालकाचे सव्वातीन टक्के किती? एकशेपाच आणि चारशेपंचावन्न, असे मुले चटकन सांगतील. मग घरी जाऊन आपल्या वडिलांच्या, आईच्या चिठ्ठीवरचे आकडे ताडून पाहावयास सांगावे. आकडा जुळला तर मुलाला गणित आले. न जुळला तर घराला प्रश्न कळला. दोन्हींत फायदाच आहे. गावच्या वाचनालयात किंवा पारावर रविवारी एखादा तास बसून चार जणांची नोंद तपासून दिली, तरी ते मोठे काम होईल.

पाऊण टक्का ही रक्कम लहान आहे. महिन्याचा चहा त्याहून महाग पडतो. पण तिच्या मागे सव्वातीन टक्के आहेत, आणि त्या दोहोंच्या मागे कायदा उभा आहे. पुढच्या वेळी पगाराची चिठ्ठी हातात येईल तेव्हा ती ओळ रागाने वाचू नका, नीट वाचा. तेथे नव्वद रुपये लिहिलेले असतील तर त्यांची नोंद कोठे झाली ते विचारा. आणि मजुरी मर्यादेच्या आत असूनही तेथे काहीच लिहिलेले नसेल, तर ते का नाही, हे अधिक मोठ्याने विचारा.